पिवळं पाकीट बंद झालं तेव्हा

"नंबर एकच आहे मॅडम. कंपनी वेगळी, पाकीट वेगळं. बाकी काही फरक पडत नाही."

चंद्रपूरच्या वाद्यांच्या दुकानात मागच्या महिन्यात गिटारच्या तारा घेताना मला हे ऐकवलं गेलं, आणि मी दुकानदाराला असं झापलं की शेजारी तबला बघत असलेले गृहस्थ दचकून दोन पावलं मागे सरले. फरक पडत नाही म्हणे! चांगली दहा मिनिटं त्याला फरक समजावून दिला, आणि बाहेर येऊन स्कूटीला किल्ली लावताना डोळे भरून आले. कारण मी जे बोलले त्यातलं एक अक्षर माझं नव्हतं. सगळं देवाजीभाऊंचं होतं. आणि देवाजीभाऊंना स्वतःला गिटारवर एक गाणं म्हणून वाजवता येत नव्हतं.

त्यांचं दुकान चामोर्शीला, मार्कंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. पाटीवर 'शिलाई मशीन व हार्मोनियम दुरुस्ती'. गिटारचा उल्लेख कुठंच नाही. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक, एक गॅसची शेगडी आणि एक इलेक्ट्रिक गिटार होती. कॉलेजात आम्ही चार पोरींनी ऑर्केस्ट्रा काढला होता. ऑर्केस्ट्रा एका गॅदरिंगमध्ये आटोपला, गिटार तेवढी उरली. एसटीतून उतरले त्या दिवशीच गावभर झालं, की नव्या मॅडम सतार घेऊन आल्या. मी पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगत सुटले, अहो सतार नाही, गिटार. दुसऱ्या वर्षी सोडून दिलं.

त्या गिटारला दांडी होती. ज्यांनी अशी गिटार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. खालच्या अंगाला तारा जिथं अडकवतात त्या पट्टीला ब्रिज म्हणतात. साध्या गिटारचा ब्रिज पक्का ठोकलेला असतो. दांडीवाल्या गिटारचा तसा नसतो, तो अधांतरी असतो. वरून सहा तारा त्याला पुढे ओढतात, गिटारच्या पाठीत पोकळी असते तिथून तीन स्प्रिंगा त्याला मागे ओढतात, आणि या ओढाताणीत तो मधल्यामधे सपाट राहतो. दांडी दाबली की ब्रिज लवतो आणि सूर लचकतो. दिसायला गंमत, सांभाळायला कटकट.

मी एका दिवाळीच्या सुटीत नागपूरहून तारांचं दुसरंच पाकीट आणलं, सहाच्या सहा जुन्या तारा काढून फेकल्या आणि नव्या चढवल्या. ब्रिज उचलला गेला. तारा गळ्यापासून इतक्या वर आल्या की दाबता दाबता बोटं कापली. एक सुरात लावावी तर बाकीच्या पाच उतरायच्या. आमच्या शाळेचा शिपाई म्हणाला, देवाजीभाऊकडे न्या. मी म्हटलं, शिलाई मशीनवाल्याकडे? पण नागपूर काही जवळ नव्हतं, गेले.

देवाजीभाऊ तेव्हा साठीच्या आसपास असतील. बारीक अंगकाठी, पांढरा सदरा, कानाच्या मागे पेन्सिल, आणि अंगठे मात्र दुसऱ्याच कुणाचे बसवल्यासारखे रुंद. त्यांनी गिटार उलटी केली, पाठीचं झाकण उघडलं, स्प्रिंगा पाहिल्या आणि मला विचारलं, "तारा कोन्त्या टाकल्या?"

"नऊ नंबरच्या. आधीही नऊच होत्या."

"नंबर नाई इचारून राह्यलो जी. कंपनी कोन्ती?"

मी पिवळं पाकीट दाखवलं. त्यांनी ते नाकाजवळ नेऊन नीट वाचलं. "अन् सगळ्या एकदम काढल्या?"

"हो."

"घरातले सारे खांब एकदम काढून घेतले तं छप्पर राहीन का जी? तुमी मास्तरीण ना?"

मला राग आला. शाळेतली बाई मी, दुकानात सगळ्यांसमोर खांब काय, छप्पर काय! पण मग त्यांनी बाजूला दुरुस्तीला आलेलं शिलाई मशीन ओढलं आणि चिंधीवर एक टीप मारून दाखवली. "हा वरचा धागा. हा खालचा, बॉबिनचा. दोघाईची ओढ सारखी असन तं टाका कपड्याच्या मधात बसते. तुमी वरच्या धाग्याची रीळ बदलली, नवा धागा जास्त तानते, खालचा वर उपसून येते. मशीन खराब झाली का? नाई. तुमी रीळ बदलली अन् मशीनले सांगितलं नाई. तसंच हे. वर तारा, मागं स्प्रिंगा. नंबर म्हंजे तारेची जाडी. पन तिच्या पोटातली सळई केवढी अन् वरून गुंडाळलेली तार केवढी, हे हरेक कंपनीचं येगळं. ओढ बदलते."

एवढं सांगून त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. ब्रिजखाली बांबूची एक कांबट सरकवली. अशा कांबटी त्यांनी स्वतः तासून केल्या होत्या, डबाभर, वेगवेगळ्या जाडीच्या. मग स्प्रिंगा ताणणारे मागचे दोन स्क्रू अर्धा अर्धा आटा फिरवायचे, तारा परत ताणायच्या, कांबट सैल होते का पाहायचं. परत स्क्रू, परत तारा. मी घड्याळ पाहिलं तसे म्हणाले, "घाई असन तं समोरच्या दुकानात जा." समोर दुकान नव्हतं, बोरीचं झाड होतं.

शेवटी त्यांनी गिटारच्या अंगाला वर जे शिंगासारखं टोक असतं त्यावर जबडा टेकवला, डोळे मिटले आणि अंगठ्यानं एकेक तार दाबून सोडत राहिले. गावात याला 'देवाजीची समाधी' म्हणत. मग गिटार माझ्या हाती देऊन म्हणाले, "वाजवून पाहा जी." वाजवली. अहो, लोणी! इतकी मऊ ती नवी असतानासुद्धा नव्हती. त्यांनी पाठीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कानामागच्या पेन्सिलीनं लिहिलं, 'पिवळं'. पुढच्या वेळेपासून पिवळ्या पाकिटातल्याच तारा आणायच्या, बदलायची मनमानी नाही, असा हुकूम झाला. त्यांच्याकडे येणाऱ्या सगळ्या गिटारींच्या पोटात हेच लिहिलेलं असे. पिवळ्या तारेची ओढ त्यांच्या अंगठ्यात भिनली होती.

गिटारी कुठून येत म्हणता? झाडीपट्टीच्या नाटकांतून. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात आणि वडशाच्या नाटक कंपन्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. प्रत्येक कंपनीत एक तरी दांडीवाली गिटार, आणि ती दांडी हिरॉइनच्या एन्ट्रीला हाणलीच पाहिजे, नाहीतर प्रेक्षक विचारतात की गिटारवाला झोपला का. दिवाळी ते होळी देवाजीभाऊंकडे मशीन घेऊन आलेल्या बाया एका बाजूला आणि केस वाढवलेले कलावंत दुसऱ्या बाजूला, अशी बैठक असे. मीही शाळा सुटली की तिथं जाऊन बसू लागले. माझं काम ठरलेलं. दुरुस्त झालेली गिटार मी वाजवून पाहायची. "मॅडम परीक्षा घेते," असं ते सगळ्यांना सांगत आणि वर मला कुसुमकाकूंच्या हातचा चहा मिळे. कुसुमकाकू म्हणजे त्यांची बायको. दुकानाच्या मागेच घर होतं.

सूरजागडच्या खाणीचे ट्रक दुकानासमोरून जायचे. ट्रक येण्याच्या कितीतरी आधी देवाजीभाऊ पेचकस खाली ठेवत. "येऊन राह्यला," म्हणत, आणि आम्हाला काहीच ऐकू येत नसे. मग मिनिटभरानं धडधडत ट्रक जायचा, टेबलावरच्या बॉबिनी नाचायच्या, स्प्रिंगा गुणगुणायच्या. ट्रक गेला की ते पुन्हा काम हाती घेत. काय कान आहेत म्हाताऱ्याचे, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

एकदा ते पाठमोरे बसून हार्मोनियमचा भाता चिकटवत होते आणि आत काकूंच्या हातून पितळी घागर फरशीवर पडली. काय तो आवाज! मी ताडकन उठले. देवाजीभाऊंची मान हललीसुद्धा नाही. मी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा जरा ओरडलेच. ते शांतपणे सरस लावत राहिले.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेनं आत बोलावलं. "दोन वर्सं झाले जी," त्या पुटपुटल्या. "डावा तं पुराच गेला. उजव्यात थोडं येते, थेबी आता कमी. तोंडाकडं पाहून समजते त्यायले. टेबल हालला का ट्रक समजते. तारेचा आवाज जबड्यातून येते म्हन्ते, येते का नाई देव जाने. अंगठ्यानं करते सारं."

"डॉक्टर? मशीन?"

"मशीन लावलं तं लोकाईले दिसन ना. बहिऱ्याच्या हातात पेटी कोन देईन, गिटार कोन देईन? हे दुकान गेलं तं हा मानूस चार दिस जगनार नाई, मॅडम. तुमी कोनाले सांगू नोका."

मी देवाची शपथ घेतली. आणि त्या दिवसापासून माझ्या 'परीक्षे'चा अर्थ मला कळला. देवाजीभाऊंना स्वतःला जे तपासता येत नव्हतं ते माझ्याकडून तपासून घेत होते, आणि वाजवताना माझ्या बोटांकडे न बघता माझ्या तोंडाकडे का बघत होते, तेही कळलं. मला या माणसाचा आधीच लळा लागला होता. आता तर त्यांच्याविषयी कुणी ब्र काढला असता तर मी भांडले असते.

त्याच हिवाळ्यात पिवळं पाकीट यायचं बंद झालं. नागपुरात नाही, चंद्रपुरात नाही. का, ते कुणाला माहीत नाही. वडशाच्या एका कंपनीत गिटार वाजवणारा नीलेश काळ्या पाकिटातल्या तारा घेऊन आला. नंबर तोच. दोन दिवसांनी हंगामातलं पहिलं नाटक होतं. गिटार ठेवून तो तालमीला पळाला, दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी येऊन घेऊन जाईल म्हणाला.

मी संध्याकाळी गेले तेव्हा देवाजीभाऊ दुपारपासून त्याच गिटारशी बसलेले. कांबट घालून झालेली, ब्रिज अगदी सपाट, एकेक करून बदललेल्या तारा चकाकत होत्या. समाधी मात्र संपत नव्हती. अंगठा तारेवर जायचा, थांबायचा, परत यायचा. अनोळखी माणसाच्या घरात पाय ठेवावा तसा. शेवटी त्यांनी गिटार माझ्याकडे दिली. "वाजवून पाहा जी."

मी वाजवली. खालच्या तीन साध्या तारा बरोबर होत्या. वरच्या तीन, त्या गुंडाळलेल्या जाड तारा, चांगल्याच उतरलेल्या होत्या. उघड होतं. अंगठ्यानं पिवळ्या तारेची ओढ शोधली होती आणि ती सापडल्यावर तिथं थांबला होता. पण काळी तार पोटातून वेगळी, तिला सुरात यायला आणखी ओढ हवी होती.

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. डोळे लाल झालेले, सदऱ्याची बाही घामानं ओली, हिवाळ्यात. मला वाटलं, आता काय सांगू या माणसाला? नीलेश काय दूधपिता आहे, लावून घेईल तीन खुंट्या पिळून.

"छान," मी म्हटलं. तोंड भरून हसले वर.

देवाजीभाऊंनी डोळे मिटून श्वास सोडला. काकूंनी आतून चहा आणला. झाकणाच्या आत 'काळं' असं लिहिलं गेलं. किती बरं वाटलं मला त्या क्षणी, अगदी पुण्य केल्यासारखं. मूर्ख बाई!

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दुकानात भजनी मंडळाचे दोघं हार्मोनियम घेऊन आले होते, शिलाई मशीनवाल्या तीन बाया होत्या, आणि मी. नीलेश गिटारची पेटी घेऊन आला तो आदळतच. नाटक कसं झालं ते त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. सुरात नाही म्हणून त्यानं वरच्या तीन तारा ताणल्या, त्यांच्या ओढीनं ब्रिज पुढे उचलला गेला, तशा खालच्या उतरल्या. त्या ताणल्या तर ब्रिज आणखी वर. पडदा उघडायची वेळ झाली. हिरॉइनच्या एन्ट्रीला दांडी दाबली आणि फाटकन तार तुटली. पुढं सगळं नाटक त्यानं गिटार मांडीवर ठेवून बसून काढलं, आणि लोक हसले.

"कान गेले का तुमचे, देवाजीभाऊ?" तो ओरडला.

देवाजीभाऊंनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तुमी तं छान म्हनल्या होत्या, मॅडम."

मी म्हटलं, "खोटं बोलले मी. वरच्या तीन उतरलेल्या होत्या. तुम्ही दमला होतात, म्हणून..."

ते रागावले असते तर परवडलं असतं. "तुमचं तोंड पाहून मी गिटार देतो लोकाईले," ते हळूच म्हणाले. "दुसरं कोन हाय मले? तुमी तरी खरं सांगाचं होतं."

मग ते उठले. सदरा सारखा केला आणि नीलेशला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हो बापू. गेले कान. दोन वर्सं झाले."

दारातून काकूंचा "अगाई!" एवढाच आवाज आला. भजनी मंडळातल्या एकानं हार्मोनियमवर ठेवलेला हात काढून घेतला. 'कान गेले का' हे नीलेशनं रागात शिवी फेकावी तसं फेकलं होतं, त्याला उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

"काळ्या तारेची माह्या अंगठ्याले अजून वळख नाई," देवाजीभाऊ पुढे म्हणाले. "तुले दुसरीकडं न्याची असन तं ने. मी वाईट मानत नाई. पन बसशीन तं करून देतो. तू खुंट्या पीळ, मी मागून स्क्रू फिरवतो. अन् मॅडम..." ते माझ्याकडे वळले, "तुमी हातानं सांगा. तार चढली तं हात वर, उतरली तं हात खाली. बरोबर असन तं सपाट. अन् आता खोटं नाई."

नीलेश खाली बसला आणि त्यानं पेटीचे खटके उघडले.

दुपारचं जेवण टळलं. एक तार सुरात आली की दुसरी हलायची, दुसरी आली की ब्रिज हलायचा. स्क्रू पाव आटा, खुंटी जराशी, कांबट घालून पाहा, परत. माझा हात वर-खाली करून भरून आला. मधेच देवाजीभाऊ नीलेशचा हात थांबवत, आपला अंगठा तारेवर ठेवत आणि बराच वेळ तसाच राहू देत. नवी ओढ शिकत होते. त्या वयात! नीलेशही घाई करत नव्हता. शेवटी माझा हात सहाही तारांना सपाट राहिला. नीलेशनं दांडी पार खाली दाबली, सोडली, आणि सूर जिथून गेला होता तिथंच परत येऊन बसला. त्यानं देवाजीभाऊंच्या पायाला हात लावला. ते म्हणाले, "पाय नोको धरू, पुढच्या टायमाले तारा एकदम काढू नोको."

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. भजनी मंडळानं आपली हार्मोनियम त्या दिवशीच उचलून नेली आणि पुन्हा आणली नाही. अशा आणखी दोन-तीन पेट्या गेल्या. त्या महिन्यात देवाजीभाऊ जेवणावरून अर्ध्यातच उठत, असं काकू सांगत. मी रोज जायचे आणि मला रोज लाज वाटायची. पण नीलेश आला, त्याच्या कंपनीचा दुसरा गिटारवाला आला, मग दुसऱ्या कंपन्यांचे आले. आपली गिटार देऊन पळणं बंद झालं. देवाजीभाऊंच्या समोर बसायचं, वाजवायचं आणि हातानं सांगायचं, अशी रीतच पडली. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, आत काही मंत्रतंत्र चालू आहे. काकूंनी हट्टानं कानाचं मशीन करून आणलं. ते त्यांनी चार दिवस लावलं आणि बॉबिनींच्या डब्यात ठेवून दिलं. म्हणाले, "ट्रकच जास्त ऐकू येते."

पुढे माझी बदली झाली, चंद्रपूरला. माझ्या माणसांच्या गावी जायचं म्हणून आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. निघायच्या दिवशी सामान टेम्पोनं पुढे गेलं आणि मी साडेचारच्या एसटीनं निघणार होते. गिटार आदल्या दिवशी देवाजीभाऊंकडे तारा बदलायला टाकली होती. या वेळी काळंही मिळालं नव्हतं, तिसऱ्याच कुठल्या कंपनीचं निळं पाकीट होतं.

दुकानात ते एकटेच होते. हात आता बारीक कापायचे. वर्षभरात बरेच खंगले होते. काकूंनी मोहाच्या लाडवांचा डबा माझ्या पिशवीत घातला आणि पदर डोळ्याला लावून त्या आत गेल्या. देवाजीभाऊंनी गिटार दिली आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसले.

"सांगा जी."

मी एकेक तार छेडली. पहिली, दुसरी बरोबर. तिसरी चढलेली होती. फार नाही, इतकीशी. चंद्रपूरला घरी जाऊन मी स्वतः लावून घेतली असती आणि त्यांना कधीच कळलं नसतं. सव्वाचार झाले होते. बसस्टँड पाच मिनिटांवर. मला ठाऊक होतं, या माणसाची माझी भेट पुन्हा होईल न होईल. झाली नाहीच. उन्हाळ्यात ते गेले.

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी हात वर केला.

देवाजीभाऊंचा सगळा चेहरा हसला. "हां!" म्हणाले, आणि गिटार माझ्या हातातून घेऊन मांडीवर उलटी केली, पेचकस उचलला, पाठीचं झाकण उघडलं. मला मान हलवून समोरच्या स्टुलावर बसायची खूण केली. मी पिशवी खाली ठेवली आणि बसले. साडेचारची गाडी गेली.